सत्तराव्या मिनिटाचं लाल कार्ड

अठ्ठ्याण्णव साली चंदीगडमधल्या मनीमाजऱ्याच्या मैदानावर फुटबॉलची फायनल रंगली होती. रेफ्री पगडीवाला सरदारजी, त्यामुळे फ्लाइट लेफ्टनंट खांडेकर पहिल्या मिनिटापासून त्याला निर्धास्तपणे मराठीत शिव्यांची लाखोली वाहत होता. चंदीगडात त्या कळणार कोणाला? सत्तराव्या मिनिटाला हक्काची पेनल्टी नाकारल्यावर त्याने सरदारजीच्या आईचाच उद्धार केला, आणि समोर लाल कार्ड आलं.

"मैंने किसी को छुआ तक नहीं. फाउल कैसा?" खांडेकर अंगावर धावून गेला.

"फाउल नहीं. गाली."

"कैसी गाली? मैंने तो अपने साथी से पानी माँगा था."

सरदारजीने शांतपणे वहीत त्याचा नंबर टिपून घेतला.

"आमच्या नांदेडला असं पाणी मागत नाहीत."