तिसरा बेस कुणाचा?

दादाच्या अंपायरच्या ब्रशवर वाळून बसलेली, बेसबॉलच्या होम प्लेटची माती.

सकाळपासून नुसताच वाजणारा, वहिनी उचलत नसलेला फोन.

मांडीवर मुखवटा आपटल्याचा आवाज. ठप्, ठप्.

अंपायर संघटनेच्या सचिवांचा दम : "आज पुन्हा जागा सोडलीस, तर उद्यापासून प्रेक्षकांत बसायचं."

धाकटा मान खाली घालून मैदानात उतरला. सचिवांचं काही चुकत नव्हतं. दोनच अंपायर असले की कामं वाटलेली असतात. पहिल्या बेसवर रनर असताना चेंडू लांब गेला, तर होमवरचा अंपायर धावत तिसरा बेस गाठतो. मैदानातला तिसऱ्याकडे पाठ करून उरलेलं बघतो. होमवर दादा असायचा, मैदानात धाकटा. धावताना दादा तोंडावरचा मुखवटा काढून मांडीवर आपटायचा. म्हणजे तिसरा माझा, तू तुझं बघ.

दादाला जाऊन वर्ष होत आलं, तरी धाकट्याला पाठ फिरवता येत नव्हती. तो तिसऱ्याकडेच धावायचा. त्याचे बेस मागे उघडे पडायचे.

आज होमवर कुणी नवे होते. उशिरा आले, तेही मुखवटा चढवूनच.

"घसा बसलाय त्यांचा. हातानेच निर्णय देतील," सचिव म्हणाले.

"आंधळे होतेच, आता मुकेही आणा!" बाकावरून कोच ओरडला.

सगळे हसले. धाकट्याने होमकडे बघितलंही नाही. दादा गेल्यापासून बघतच नव्हता.

शेवटच्या डावात चेंडू उजव्या कोपऱ्यात गेला. पहिल्यावरचा रनर सुसाट सुटला. धाकट्याचे पाय आपसूक तिसऱ्याकडे वळले.

ठप्, ठप्.

तीच लय, तेच अंतर.

"दादा," तो पुटपुटला. आणि त्याने पाठ फिरवली.

बॅटर दुसऱ्या बेसवर घसरत आला. धाकट्याने डोळ्यांत तेल घालून पाहिलं, हात पसरले. सेफ. पाठीमागे तिसऱ्यावर धूळ उडाली, गलका झाला. त्याने मान वळवली नाही.

"जमलं की रे!" सामना संपल्यावर सचिवांनी पाठ थोपटली.

धाकट्याचं लक्ष नव्हतं. मागून पावलं जवळ येत होती, दादाच्याच ढबीची. त्याला वळायचा धीर होईना.

"वळा आता, भाऊजी," मागून आवाज आला. "मुखवटा काढलाय मी."

दादाला अंपायरिंग शिकवलं होतं वहिनीने, लग्नाआधी.