पूर्वेचा वारा आणि सैल बॅटरी

"पुन्हा बंद पडली." माइंडर्टने बॅटरी काउंटरवर आदळली. "बांधावर, भर वाऱ्यात. तुम्ही दुरुस्ती करता की नुसती फडक्याने पुसून देता?"

रिक्स्टने हातातला पाना खाली ठेवला नाही. हार्लिंगनच्या बंदरामागे तिचं सायकलींचं दुकान होतं, आणि ओरडणारी गिऱ्हाइकं तिला नवी नव्हती.

"बंद पडली, की बायकोने पाडली?"

माइंडर्टच्या मागे त्याची बायको हिस्के आपली विजेवरची सायकल धरून उभी होती. "ऐकलंस? स्वतःला पान्याची बाजू कळत नाही आणि मला बोलते."

"बये, बॅटरी खट् वाजेपर्यंत आत दाबायची असते. तू उशीवर उशी ठेवल्यासारखी ठेवतेस."

"आणि तू कामाला येताना डोकं घरी ठेवतेस."

माइंडर्टला हसू आलं. दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरायच्याच काय त्या बाकी होत्या.

*दिवा लागतो, मोटर ओढत नाही: संपर्काच्या पट्ट्या पाहा.*

दुरुस्तीच्या वहीत लिहिल्याप्रमाणे रिक्स्टने पट्ट्या पाहिल्या. घासल्या. बॅटरीची बैठक आवळली, खाली रबर घातलं. माइंडर्ट मोबाइल नाकासमोर धरून उभा होता. मोबाइलवर नकाशा, नकाशावर निळा ठिपका. चोरांच्या भीतीने पुष्कळ लोक बॅटरीत असला माग सांगणारा तुकडा बसवून घेतात. त्याने बायकोच्या वाढदिवसाला बसवून घेतला होता.

"संपर्क तुटला की बॅटरी झोपते आणि ठिपका विझतो," तो म्हणाला. "मग मी काय समजायचं? पडली? मेली?"

"फार काळजी तुम्हाला."

"असणारच. नवरा आहे."

हिस्के खिडकीबाहेर पाहत होती. धक्क्यावरच्या होड्यांच्या डोलकाठ्या वाऱ्यात खडखडत होत्या.

"आणखी एकदा ठिपका विझला की सायकल विकतो," माइंडर्ट म्हणाला. "मग जायचं तिथे माझ्या गाडीतून. बाजारालासुद्धा."

"या बाईला काम येत नाही म्हणून माझी सायकल जाणार?" हिस्केचा आवाज चिरकला.

तिचं म्हणावं असं तिच्याकडे तेवढंच होतं.

"म्हणे समुद्रातल्या लांबलचक धरणावरून पलीकडच्या किनाऱ्याला बहिणीकडे जायचंय, सायकलवर!" माइंडर्ट रिक्स्टला सांगू लागला. "तिकडे जाताना नेहमीचा नैऋत्येचा वारा थेट तोंडावर. अर्ध्या वाटेत बॅटरी मेली तर समुद्राच्या मधोमध उभी राहील."

"ही? धरणावर?" रिक्स्ट खो खो हसली. "ही पाववाल्यापर्यंत पोचली तरी नशीब समजा."

*हलवून पाहा. ठोकून पाहा.*

पुढच्याच आठवड्यात ठिपका पुन्हा विझला.

या वेळी माइंडर्ट दुकानाच्या दारातूनच ओरडत आला. मागून हिस्के सायकल ढकलत, केस विस्कटलेले, ओठ घट्ट मिटलेले.

"विकतोय! आजच विकतोय!"

"विका," रिक्स्ट म्हणाली. "नवा मालक दोन दिवसांत तुमच्या दारात येईल भांडायला. त्यापेक्षा दोष सापडू दे."

"इतके दिवस काय झोपला होता तो?"

"लपलाय. ओल्या वाऱ्यात नाही सापडत. पूर्वेचा सुटला की हवा कोरडी होते, धातू आखडतो, फट उघडी पडते. त्या दिवशी सकाळीच पाठवा हिला. बॅटरी दिवसभर इथे टेबलावर जोडून चालू ठेवते. तुम्ही मोबाइलवर बघत बसा. ठिपका एकदा जरी विझला, तरी मीच सायकल भंगारात घालते."

"आणि मी दिवसभर हिचं तोंड बघत बसू?" हिस्के उसळली.

"बसावंच लागेल. बॅटरी कशी बसवतात ते शिकवते तुला. खट्, खट्, खट्. संध्याकाळपर्यंत येईल कदाचित."

"म्हैस!"

"गाढव!"

माइंडर्टला ही शिक्षा एकदम पसंत पडली.

*सापडत नसेल तर हवामान पाहा.*

गुरुवारी पवनचक्क्यांनी तोंडं फिरवली. न्याहारीआधी वारा कुठला ते पाहायची सवय माइंडर्टला लहानपणापासूनची. त्यानेच हिस्केला हलवून उठवलं. "ऊठ. पूर्वेचा आलाय. जा त्या म्हशीकडे."

हिस्केने पाव-चीजचे दोन डबे भरले.

"दोन?"

"तिच्या हातचा चहासुद्धा घेणार नाही मी."

त्याला पुन्हा हसू आलं.

ऑफिसात त्याने मोबाइल टेबलावर उभा करून ठेवला. ठिपका दुकानावर. जेवायच्या सुट्टीत ठिपका दुकानावर. त्याने रिक्स्टला निरोप धाडला, 'भांडताय ना?' उत्तर आलं, 'बायको तुमची अजून बॅटरी उलटी धरते.' त्याने ते शेजारच्याला दाखवलं. दोघेही हसले.

ऑफिस सुटेपर्यंत ठिपका एकदाही लवला नाही. माइंडर्टचा राग उतरला. वाटेत त्याने गुलाबी साखरेचा केकसुद्धा घेतला.

"मानलं तुम्हाला!" दुकानात शिरत तो म्हणाला. "हिस्के, चल, आवर."

दुरुस्तीच्या टेबलावर वायरी जोडलेली बॅटरी होती, तिचा हिरवा दिवा लागलेला. मागच्या फडताळात नव्या बॅटऱ्यांची रांग होती. रांगेत एक जागा रिकामी होती. त्याने दुकानभर पाहिलं. मग रस्त्यावर पाहिलं. सायकल कुठेच नव्हती. बाहेर पूर्वेचा वारा धरणाच्या दिशेने वाहत होता.

रिक्स्टने पाना खाली ठेवला.

"खट् वाजेपर्यंत दाबली हो तिने," ती म्हणाली. "पहिल्याच झटक्यात."