आर्तोचं वजन

तुर्कू बंदरातल्या त्या जहाजबांधणी कचेरीत जहाजांची वजनं बांधणीआधीच संगणकावर काढत. नियम साधा होता: प्रत्येक वजनाला नाव द्यायचं, आधी वस्तू, मग जागा. एकच नाव नियमाबाहेरचं होतं. मोजताना काही ना काही विसरतंच, म्हणून थोडं वजन आधीच जास्तीचं धरून ठेवतात. नव्या लग्नाच्या लाडात, तिथेच हिशेब करणाऱ्या मार्यूतनं त्या राखीव वजनाला नवऱ्याचं नाव दिलं होतं: आर्तो. पुढे आर्तो सोडून गेला; नाव मात्र राहिलं.

"मार्यूत, तुझा आर्तो फार जड झालाय, उतरव की जरा!" कॉफीच्या टेबलावरून तिचा सहकारी तेप्पो ओरडायचा आणि सगळे हसायचे.

एका सकाळी कोणालाही न सांगता तिनं ते नाव बदलून टाकलं. दुपारी तेप्पो धावत आला.

"अगं, जहाज एकदम हलकं झालंय! आपला साहेब हान्नू जहाजाच्या मालकाला ही खुशखबर द्यायला फोन लावतोय!"

मार्यूतनं हिशेब उघडून पाहिला. जुनी सगळी सूत्रं आर्तोलाच शोधत होती, आणि तो सापडेना म्हणून तिथे शून्य धरत होती.

"थांबव त्याला," ती म्हणाली आणि तिनं नाव पुन्हा होतं तसं केलं. जहाज पुन्हा जड झालं.

तेप्पो या वेळी हसला नाही. "एवढ्या जहाजापुरतं सोस गं. पुढच्याला चांगलं नाव देऊ."

मार्यूतनं संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. पुढच्या जहाजाचा हिशेब कालच तेप्पोनं सुरू केला होता, नेहमीसारखी या हिशेबाचीच नक्कल करून. पहिल्याच ओळीत आर्तो होता.