हिरव्या ठिपक्याची ड्यूटी

मास्तरांनी पुन्हा फुंकलंच.

गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. प्लॅस्टिकच्या तीन नळ्या, त्यांत तीन गोळ्या. बाजूची नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की एकेक गोळी वर चढते. फुप्फुसांच्या व्यायामाचं हे यंत्र पोरासोरांनाही जमेल इतकं सोपं. पण मास्तरांनी चाळीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलेलं. ओठांना काही लागलं की गाल आपोआप फुगायचे.

"ओढायचं हो बाबा, फुंकायचं नाही," पोरगा दारातून म्हणाला. कितव्यांदा, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"फुंकणं हे काम. त्यावर लोक नाचतात. या ओढण्यावर कोण नाचणार आहे?" असं म्हणून मास्तरांनी यंत्र उशीशेजारी टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

साथीत वीस दिवस हॉस्पिटलात काढून मास्तर घरी आले होते, पण छाती निम्मीच घेऊन आले होते. पलंगापासून बाथरूमपर्यंत जाताना दोनदा भिंत धरायला लागायची. डॉक्टर फोनवर सांगून सांगून थकले. तासातासाला ओढा, नाहीतर पुन्हा ऑक्सिजन लावावा लागेल. आणि तिसरी गोळी वर टिकेपर्यंत फुंकणं बंद. पोराने त्याच दिवशी ट्रम्पेट लपवून टाकलं. मास्तरांचं म्हणणं एकच होतं. जन्मभर घाम गाळून खाल्लं, आता पडल्यापडल्या हवा ओढायची आणि त्याला काम म्हणायचं? त्यापेक्षा नुसतं पडलेलं काय वाईट?

पोराचं दुखणं वेगळंच. तो विम्याच्या ऑफिसात दावे तपासायचा. आता ऑफिस म्हणजे शेजारच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल. साहेबांच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असायचा. माउस हलता असला की हिरवा, पंधरा मिनिटं थांबला की पिवळा. तीनदा पिवळा झाला की फोन. शिवाय रोज संध्याकाळी सहाला मीटिंग, त्यात एकेकाने सांगायचं, आज काय काम केलं. भिंत पातळ, त्यामुळे मास्तरांना सगळं ऐकू यायचं. पाळी आली की पोराची बोबडी वळायची.

दुसऱ्या दिवशी पोरगा एक बिनतारी माउस आणि दोन रबरबँड घेऊन आला. माउस त्याने यंत्राच्या पाठीमागे घट्ट बांधला. आवाज खाली आणून म्हणाला, "बाबा, एक भानगड आहे. मी कागद वाचत बसलो की ठिपका पिवळा पडतो. तुम्ही इथे गोळी उचललीत की या माउसला वाटणार, मीच हलवतोय. तेवढी माझी नोकरी सांभाळा."

मास्तर उठून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली.

"म्हणजे तुझ्या साहेबाला उल्लू बनवायचं?"

"हो."

"मग आधी नाही का सांगायचं, गाढवा?"

झालं, मास्तर कामावर रुजू झाले. सकाळी नऊच्या आत दाढी, धुतलेला शर्ट, आणि पलंगावर नाही, खुर्चीत. दोन दिवसांत ओढायला शिकले. ओढून झालं की भिंतीवर थाप मारून विचारायचे, "हिरवा?" पलीकडून आवाज यायचा, "हिरवा!" दुपारी डोळा लागला तर दचकून उठायचे, गेली पोराची नोकरी! की लगेच ओढायला सुरुवात. पहिल्या आठवड्यात एक गोळी चढली. दुसऱ्यात दोन. बाथरूमला जाताना भिंत धरायचं कधी सुटलं, ते त्यांना कळलंही नाही. ड्यूटीवरच्या माणसाला असल्या गोष्टींना वेळ कुठला?

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी, सहाला पाच कमी असताना, तिसरी गोळी वर गेली. आणि टिकली. मास्तरांनी मनातल्या मनात चार ठोके मोजले, तरी वरच. त्या आनंदात त्यांनी यंत्र हातात फिरवून फिरवून पाहिलं, आणि तिथेच गडबड झाली. पोराच्या टेबलावरच्या माउसच्या पोटात लाल दिवा असतो. याच्या पोटात मिट्ट काळोख.

सेल संपला! कधी संपला? आज? की आठवडाभर ठिपका पिवळाच आहे, आणि पोरगं बापाचं मन राखायला हिरवा, हिरवा ओरडतंय? तेवढ्यात पलीकडे मीटिंग सुरू झाली. मास्तर ताडकन उठले, स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर चढले, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि तसेच परत आले. नखाने माउसचं झाकण उघडलं.

आत सेलची जागा रिकामी होती. रिकामी म्हणजे, तिथे एक घडी घातलेली चिठ्ठी होती. पोराचं अक्षर, माउस बांधला त्या दिवशीची तारीख.

"बाबा, माझा ठिपका माझा मीच सांभाळतोय. तिसरी गोळी टिकली असेल, तर तुमची ड्यूटी संपली. ट्रम्पेट तुमच्याच पलंगाखाली आहे."

मास्तरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. पोराला एक सणसणीत शिवी हासडली, पण हसू काही आवरेना. मग खाली वाकून त्यांनी ट्रम्पेटची पेटी ओढली.

पलीकडे साहेब विचारत होते, "हं, आता तुम्ही. आज काय काम केलं?"

"साहेब, आज... म्हणजे तसं बघायला गेलं तर..." पोराची बोबडी वळायला लागली.

मास्तरांनी शर्टाच्या बाहीने ट्रम्पेटचं तोंड पुसलं. छाती भरून घेतली, अगदी पुरती, आणि फुंकलं. एकच सूर, लांबलचक. पातळ भिंत थरथरली.

पलीकडे साहेबांनी विचारलं, "हा कसला आवाज?"

"तेच सांगत होतो साहेब," पोरगा एका दमात म्हणाला, "आजचं काम."