बावीस देश

विजयाने सातवा प्रश्न वाचला. "कललेला मनोरा कोणत्या शहरात आहे?"

"इटलीत," नाना म्हणाले. ते ओट्यावर बसून शेपू निवडत होते.

"इटली देश झाला, नाना. शहर सांगा."

"शहराचं नाव न्हाई ध्यानात. मनोरा बघितलाय की. बसच्या काचंतून. सगळे फोटो काढाया उतरले, मी मागं पोहे भिजवत हुतो."

विजयाने फुली मारली.

देवळाली प्रवराच्या ज्या शाळेत ती शिकवायची, तिथे शनिवारी सामान्यज्ञानाची स्पर्धा होती. विषय, जगातली पर्यटनस्थळं. पंचवीस प्रश्न तिनेच काढले होते. रविवारची सकाळ मोकळी होती, म्हणून ते आधी वडिलांना विचारून बघत होती. नाना पुण्याच्या एका यात्रा कंपनीत एकवीस वर्षं आचारी होते. कंपनी मराठी माणसांना परदेशी न्यायची आणि तिथे वरणभात, पिठलं, सणाला पुरणपोळी खाऊ घालायची. बावीस देशांत नानांनी स्वयंपाक केला होता.

"पॅरिस कोणत्या नदीच्या काठी आहे?"

"तिथं किचन तळघरात. खिडकी न्हाई. नदी असंल बाहेर."

"बरं, आता शेवटचा. सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला पुतळा कोणत्या शहरात आहे?"

"असला कुठं पुतळा असतोय?"

"सिंगापूरला. चार वेळा गेलात तुम्ही."

"सिंगापूरला कढीपत्ता ताजा भेटतो," नाना म्हणाले. "हे विचार की पोरांना."

आतून आईचा आवाज आला. "बावीस देश हिंडले अन् उत्तरं आली दोन. मी राहुरीच्या पुढं गेले न्हाई, तरी तेवढी दिली असती."

"तुला अजून राहुरीबी विचारली न्हाई," नाना म्हणाले, आणि स्वतःच खूप वेळ हसत राहिले. विजयाही हसली. तिने खाली मार्क लिहिले आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

नानांनी शेपूच्या काड्या गोळा केल्या. "शनवारी मी येऊ का? मागं बसंन कुठं तरी."

विजया पर्सची चेन लावत होती. "ऊन फार असतं, नाना. कार्यक्रमही लांबतो."

"त्ये बी खरंच," ते म्हणाले आणि भाजी घेऊन आत गेले.

उन्हाचं कारण खरं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी ती शाळेत नवी होती. मधल्या सुट्टीत कुणीतरी विचारलं, वडील काय करतात. यात्रा कंपनीत मॅनेजर आहेत, ती म्हणाली. तसं का म्हणाली, ते तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं. नंतर तो शब्द दुरुस्त करायला रोज वेळ होता. तिने तो केला नाही. त्याऐवजी नाना शाळेकडे येणार नाहीत, एवढी काळजी मात्र तिने चौदा वर्षं घेतली. नानांच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, गरम तेलाचे वण होते. मॅनेजरच्या हातांवर ते नसतात.

सोमवारी सकाळी नाना उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्रास झाला नसेल.

शाळेने स्पर्धा पुढे ढकलली. विजया म्हणाली, कुणीही प्रश्न विचारले तरी चालेल. मुख्याध्यापक आप्पासाहेब ऐकेनात. "प्रश्न तुम्ही काढलेत, ताई. तुम्हीच विचारायचे."

तीन आठवड्यांनी मंडप उभा राहिला. सहा शाळांची मुलं ओळीने बसली. मागे पालक होते. आप्पासाहेब माईकपुढे उभे राहिले.

"स्पर्धेआधी आपण विजयाताईंच्या वडिलांना श्रद्धांजली वाहू. मोठ्या यात्रा कंपनीत ते मॅनेजर होते. जग बघितलेला माणूस, पण वागायला एकदम साधा. गेल्या दिवाळीच्या आधी मला बाजारात भेटले होते, कुणीतरी ओळख करून दिली. मी म्हटलं, मॅनेजरसाहेब, परदेशात जेवणाचं काय करता तुम्ही लोक? तर हसले. म्हणाले, 'आचारी असतो की संगं. अडाणी माणूस हाय सर, पण जेवण बरं करतो.'"

मंडपात थोडं हसू उमटलं.

"मी म्हटलं, कधी शाळेत या, मुलांना चार देशांच्या गोष्टी सांगा. तर म्हणाले, 'विजू बोलावंल तवा येईन.'"

या भेटीबद्दल विजयाला काहीच माहीत नव्हतं. नानांनी घरी तो विषय कधी काढला नव्हता. शेपू निवडताना, शनिवारी येऊ का असं विचारताना, त्यांना तो शब्द माहीत होता. उन्हाचं कारण कशासाठी आहे, तेही माहीत होतं.

सगळे उभे राहिले. दोन मिनिटं शांततेत गेली. मंडपाचं कापड वाऱ्याने हलत होतं. मग मुलं बसली, पेनांची टोपणं निघाली. आप्पासाहेबांनी माईक विजयाच्या हातात दिला. पहिला प्रश्न तिच्यासमोर होता. तिने कागद टेबलावर पालथा घातला.

"सर," ती माईकमध्ये म्हणाली, "तो आचारी म्हणजे माझे वडील."