निजलेले बाळ

तीन वर्षे इत्तोची पाळी आली नव्हती, तरी स्तनांतून दूध पाझरत होते. सासू गावभर सांगे, ‘पोटात बाळ निजलंय, उठेल त्याच्या वेळेला.’ अ‍ॅटलासच्या डोंगरांत मानतात, बाळे पोटात वर्षानुवर्षे निजतात. त्या भरवशावरच नवऱ्याने दुसरी बायको केली नव्हती. इत्तोला स्वप्नात बाळाचा श्वास ऐकू येई. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मेंदूचे चित्र दाखवले: ‘ही मटाराएवढी गाठ संप्रेरक सोडते, त्यानेच दूध येतं, पाळी थांबते. पोटात कोणी नाही. गोळ्यांनी गाठ आक्रसेल, मूलही होईल.’ दाराबाहेरच्या लेकाकडे पाहत सासू म्हणाली, ‘हळू बोला, बाळ उठेल!’ घरी इत्तोने गोळी तळहातावरच ठेवली. ‘आई, बाळ गेलं तर मीही गेले.’ सासूने चहाचा पेला पुढे केला. ‘वेडे, ते मीच निजवलेलं, तुला सवत नको म्हणून. गावाला सांगेन, बाळानं कूस बदललीय.’