वहिनीवरचं गाणं

मोहाडीत तुलाराम कोष्टी हातमागावर बसून गाणी जुळवे. त्याले लिहता येत नव्हतं, म्हून गाणी बायको, विमलावहिनी, पाठ ठेवे. सत्याहत्तर साली ती गेली. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तो माह्या पानठेल्यावर येऊन रडला. "भाऊ, तिच्यावरचं गाणं आठवून नाई राहिलं. गाण्याबिगर तिचं तोंडबी दिसत नाई. तू होळीले गात होता ना?" होतो ना! पुरी आळी पोट धरून हासे. "पन मी तं वहिनीच्या जागी म्हैस टाकली होती!" "तेच गा, पाया पडतो." गायलो: "करडीच्या तलावात म्हैस माही न्हाली, शिंगाले तिच्या चांदणी लागून आली." तो तडफडला. "शिंगाच्या जागी काय होतं?" मले कुठचं आठवते? "कपाळ," ठोकून देल्लं. "पक्कं?" "वहिनीची शपथ!" त्यानं डोळे मिटले, "दिसली," म्हने, अन् गिऱ्हाइकांनी धक्के देल्ले तरी उघडले नाई.